बाकावरचं कोलेस्ट्रॉल

आमच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने फ्रिजमध्ये ठेवतात. मुदत संपली की ते नियमाप्रमाणे नष्ट करायचे, असा शिरस्ता आहे. किश्शांना मात्र अशी मुदत नसते. ते नुसते साठत जातात. पोळ्या लाटताना एखादा आठवतो आणि मी लाटणं धरून एकटीच हसत उभी राहते. आमचे हे म्हणतात, "झालं! आली लॅब घरी!"

कर्जतला भिसेगावच्या रस्त्यावर माझी छोटीशी पॅथॉलॉजी लॅब आहे. आत एक खुर्ची, एक मशीन, एक फ्रिज आणि मी. बाहेर एक लांब लाकडी बाक. खरी लॅब म्हणजे तो बाक! सकाळी सात वाजता लिपिड प्रोफाइलवाली, म्हणजे कोलेस्ट्रॉल तपासून घेणारी मंडळी उपाशीपोटी त्यावर येऊन बसतात. पळसदरीची, कळंबची, कधी पार खालापुराकडची. पहिल्यांदा येतात ती डॉक्टरांनी पाठवलं म्हणून. नंतर येतात ती बाकासाठी, असा माझा दाट संशय आहे. कारण कोलेस्ट्रॉल म्हटलं की ज्याच्या त्याच्याकडे झाडपाल्याचा एक तरी उपाय असतो, आणि तो सांगायला समोर माणूस लागतो.

*

उपाशी माणसं कशाबद्दल बोलतात? खाण्याबद्दल!

एकदा बाकावर पाच जण होते आणि पाचही जणांना डॉक्टरांनी तेलकट बंद केलेलं. सुरुवात एका काकींनी केली. म्हणाल्या, "आमच्याकडं पयल्या पावसाळ्यात गावठी कोंबडीचा रस्सा व्हायचा. वर तेलाचा तवंग असा, की तोंड बगून घ्यावं." दुसऱ्याने तांदळाच्या भाकरीबरोबर सुकट आणली. तिसऱ्याने त्यात कांदा घातला, चौथ्याने लिंबू पिळलं. मी आतून ओरडले, "अहो, हळू! रक्तात उतरेल ते!"

पाचवे आमचे लेले सर. शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेले, जन्माचे शुद्ध शाकाहारी, कांदासुद्धा चातुर्मासात बंद. ते डोळे मिटून सगळं ऐकत होते. मी हात धरून त्यांना आत आणलं तेव्हा म्हणाले, "शुभांगी, काय सांगू तुला! जो रस्सा मी जन्मात खाल्ला नाही, त्याची मला आठवण यायला लागली!"

*

स्टेशनबाहेर बबनची वड्याची गाडी आहे. कर्जतला वड्याच्या गाड्या कमी नाहीत, पण बबनची खासियत अशी की स्वतःच्या मालावर त्याचं मनापासून प्रेम. त्या प्रेमाचा आकडा माझ्या मशीनमध्ये आला, आणि बबन काढ्यावर आला.

पुढच्या तपासणीला तो हजर झाला. मी विचारलं, "उपाशी आहेस ना?"

"एकदम उपाशी! फक्त काढा घेतलाय."

"काढ्यात काय होतं?"

"अर्जुनाची साल. दुधात उकळून घ्यायची असते ना, म्हणून दूध. जरा तूप."

"आणि?"

"काढा लई कडू लागतो वो ताई."

"मग?"

"मग त्याच्यावर एक वडा. पण तो औषधाबरोबर गेला. वेगळा असा नाय खाल्ला!"

मी त्याला परत पाठवला. जाता जाता बाकावरच्या मंडळींना तो सांगून गेला की जवस आणि लसूण दोन्ही कोलेस्ट्रॉलवर चांगले, असं त्याने मोबाइलवर बघितलंय. आठवडाभरात गाडीवर पाटी लागली: "जवस-लसणीची औषधी चटणी मिळेल". आमचा निम्मा बाक तिथे! मी संध्याकाळी जाऊन बघते तर एक काका दुसरा वडा मागत होते.

"काका, एवढं वाढलेलं असताना दोन दोन वडे?"

काका शांतपणे म्हणाले, "चटणी उरली होती. औषध टाकू नये."

*

आता दत्तारामभाऊंचं सांगते. त्यांना सोडून हे किस्से पुरे व्हायचे नाहीत.

दत्तारामभाऊ पळसदरीचे. थोडी भातशेती आणि धरणाजवळ एका मुंबईकरांचा बंगला सांभाळायचं काम. माणूस अबोल. बायको इंदूताई. लेक मनीषा पुण्याला नोकरी करते. तिला बाळ झालं तेव्हा इंदूताई "वर्साच्या आत येते" म्हणून गेल्या. वर्ष गेलं. बाळ चालायला लागलं, आणि त्याच्या पाठीवर दुसरं आलं. कुणाचीच चूक नाही. भाऊच म्हणतात, "लेकीचं काम हाय. नाय कसं बोलायचं?" ते स्वतः एकदा तिकडे राहायला गेले होते. आठव्या मजल्यावर. चार दिवसांत परत. मी विचारलं तर म्हणाले, "समदं चांगलं हाय वो. पन पाय टेकवायला माती नाय."

पुण्याच्या सगळ्या गाड्या पळसदरीवरूनच घाट चढतात. भाऊंच्या शेतातून त्या दिसतात. रोज दिसतात. चेष्टेने मी एकदा म्हटलं, "भाऊ, एखाद्या गाडीत बसा की!" तर म्हणाले, "मी बसून काय करू? तिनं तिकडनं बसायला पायजेल."

तर या भाऊंचं कोलेस्ट्रॉल वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी गोळी दिली. इंदूताईंना कळलं, आणि दुसऱ्या दिवसापासून रोज पहाटे, पुण्यात पोरं उठायच्या आधी, व्हिडिओ कॉल सुरू झाला. रात्री भिजवलेल्या मेथीचं पाणी भाऊंनी कॅमेऱ्यासमोर प्यायचं!

हे आम्हाला कसं कळलं? तपासणीच्या दिवशी भाऊ लवकर येऊन बाकावर बसले आणि फोन वाजला. भाऊंना स्पीकर बंद करता येत नाही. सगळ्या बाकाने ऐकलं.

"प्यायलं का वो मेथीचं पानी?"

"आज नाय. आज रगत द्यायचं हाय. काय प्यायचं नाय बोलल्यात."

"असं व्हय. मंग आता?"

"मंग काय. बसलोय."

"बसा मंग. मी बगते."

आणि खरंच ती दोघं तशीच बसली. भाऊ फोनकडे बघतायत, इंदूताई तिकडून बघतायत. बोलणं काही नाही. बाकावरची बडबड थांबली. रक्त घ्यायला हाक मारायची माझी हिंमत होईना. मग तिकडे बाळ रडलं आणि फोन बंद झाला. 

शेवटी बबनच बोलला. म्हणाला, "भाऊ, ही मेथी तुमी कुठल्या दुकानातून आणता?"

*

आमच्या शेजारीच डॉक्टरांचा दवाखाना. डॉक्टर तरुण आहेत, पण कडक. भाऊ त्यांच्याकडे गेले, मी काहीतरी विचारायला तिथेच उभी होते.

डॉक्टरांनी विचारलं, "माझ्या गोळीशिवाय दुसरी काही औषधं चालू आहेत?"

"नाय."

"नक्की?"

"औषध म्हनून कायपन नाय."

"पिशवीत काय आहे?"

भाऊंनी पिशवी टेबलावर उपडी केली. मेथी, अर्जुनसाल, गुग्गुळाच्या गोळ्या, त्रिफळा, आवळ्याची भुकटी, जवस, इसबगोल! इंदूताई पुण्याहून येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर एक एक पाठवत होत्या. टेबलावर डॉक्टरांचा स्टेथोस्कोप दिसेना.

डॉक्टर म्हणाले, "ही औषधं नाहीत?"

"ही व्हय? हा झाडपाला हाय. झाडपाल्यानं काय व्हतंय?"

"धोतरासुद्धा झाडपालाच आहे, भाऊ!"

मग डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. झाडपाल्यालाही गुण असतो, म्हणूनच त्याचा त्रासही होऊ शकतो. गोळीबरोबर काय चालतं आणि काय नाही, ते विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. आणि काही झालं तरी गोळी बंद करायची नाही. गुग्गुळाच्या गोळ्या त्यांनी बाजूला काढल्या. बाकीच्यातलंही बरंच काढलं. मेथीची पुडी उचलली, तेव्हा भाऊंनी त्यांचा हात धरला.

"ती ऱ्हाऊ द्या."

"भाऊ, मेथीने फार काही फरक पडणार नाही."

भाऊ म्हणाले, "तुमाला नाय पडनार."

डॉक्टरांनी पुडी परत दिली. पुढच्या पेशंटला बोलवायला ते जरा विसरलेच.

*

उल्हास नदीच्या काठी एक जुना अर्जुन आहे. बाकावर अर्जुनसालीचा महिमा वाढला आणि झाडाचे हाल सुरू झाले. जो तो कोयता घेऊन जायचा आणि साल काढून आणायचा. फिरायला जाणाऱ्या लेले सरांच्या ते नजरेस पडलं. सर हळहळले. ह्या माणसाने तीस-पस्तीस वर्षं मुलांना झाडं लावायला शिकवलेलं.

सरांनी आधी प्रबोधन केलं. बाकावर उभं राहून भाषण! कुणी ऐकलं नाही. मग स्वखर्चाने फळी रंगवून आणली, "या झाडाची साल काढू नये". ती फळी कुणीतरी बुंध्याला टेकवली आणि तिच्यावर चढून वरची साल काढली.

मग एका मंगळवारी सकाळी चमत्कार झाला. झाडाच्या बुंध्याला शेंदूर! लाल कापड, नारळ, उदबत्ती. त्या दिवसापासून कोयता घेऊन कुणी फिरकलं नाही. भिसेगावातल्या बायका तिथे फेऱ्या मारायला लागल्या, कुणी अकरा, कुणी एकवीस.

त्याच आठवड्यात सर रक्त द्यायला आले. मी हात धरला तर नखांत शेंदूर!

"सर?"

सरांनी इकडेतिकडे बघितलं. जन्मभर अंधश्रद्धेविरुद्ध बोललेला माणूस तो. हळूच म्हणाले, "शुभांगी, विज्ञान वाचवायला थोडी अंधश्रद्धा करावी लागली. बोलू नकोस कुठे."

मी नाही बोलले. पण गंमत पुढे झाली. फेऱ्या मारणाऱ्या बायकांचे रिपोर्ट सुधारायला लागले! साल खाऊन जे झालं नव्हतं ते झाडाभोवती रोज चालून झालं. बायका म्हणतात, देव पावला. सर म्हणतात, व्यायाम. आता सर स्वतःही जातात फेऱ्या मारायला.

"फक्त व्यायाम म्हणून," म्हणतात.

पण चपला काढून!

*

सरांचाच आणखी एक, छोटासा. त्यांचा मुलगा परदेशात असतो. वर्षातून एकदा येतो, नाहीतर खोकं येतं. खोक्यातून हृदयासाठी म्हणून पिवळ्या, चमकदार कॅप्सूलची मोठी बाटली आली. सरांनी ती देवघरात ठेवली. मुलाने पाठवलेली वस्तू! सकाळी पूजा, मग कॅप्सूल, मग चहा.

एकदा बाटली घेऊन आले. "बारीक अक्षर आहे, वाच बरं कशापासून करतात ते."

मी वाचलं आणि परत एकदा वाचलं.

"काय गं?"

"सर, हे माशाचं तेल आहे."

सर मटकन खुर्चीत बसले. मग फोन काढून घरी बायकोला म्हणाले, "अगं, देवघर धुऊन घे!" बराच वेळ बाटलीकडे बघत होते. मी म्हटलं, "टाकून देऊ का?"

सरांनी बाटली हातातून सोडली नाही. म्हणाले, "नको. त्याने स्वतः जाऊन आणलीय. एवढ्या लांबून आलाय बिचारा मासा, संपवतो!"

*

दत्तारामभाऊंचा पुढचा रिपोर्ट आला. नॉर्मल! मला इतका आनंद झाला की मीच बाहेर येऊन सांगितलं. बाकाने टाळ्या वाजवल्या.

भाऊंचा चेहरा पडला.

"समदं नॉर्मल?"

"सगळं! एकही लाल आकडा नाही."

"परत एकदा लावून बगता का मशीन?"

मला काही कळेना. मग ते अगदी हळू बोलले. "ताई, हिला कळलं नॉर्मल हाय, तर फोन कशाला करंल ती? तिला तितं कामं कमी हायेत का? आन मला बरं नाय म्हनून तरी ती यायची व्हती. आता कशाला येल?"

बाकावर चर्चा सुरू झाली की हा गुण कशाचा. डॉक्टर म्हणाले गोळीचा, काकी म्हणाल्या मेथीचा.  पण भाऊंना विचारलं असतं तर फोनचा म्हणाले असते, अशी माझी खात्री आहे. थोडं वाढवून लिहिता येईल का, असं त्यांनी एकदा विचारलंही. मी म्हटलं, "भाऊ, ते तेवढं सोडून काय वाटेल ते मागा."

ते गेले. आणि त्या दिवसापासून पळसदरीहून माझ्याकडे येणारी माणसं बंद झाली! एकही पेशंट नाही. मी चक्रावले. शेवटी मला पुण्याहून इंदूताईंचा फोन आला.

"ताई, तुमची मशीन बिगडली म्हनं?"

"माझी मशीन?"

"हे बोलले, मशीन बिगडलीया, रिपोट येयाला टाइम लागंल. मी आमच्या जावंला सांगितलं, तिनं गावाला सांगितलं. दुरुस्त झाली का?"

आता माझ्या धंद्याचा प्रश्न होता! आणि खोटं मला बोलताही येत नाही. मी सांगून टाकलं, मशीन ठणठणीत आहे, भाऊही ठणठणीत आहेत, रिपोर्ट एकदम नॉर्मल.

"देव पावला गं बाई," इंदूताई म्हणाल्या. त्या खूश होत्या असं त्यांच्या शब्दांवरून वाटत होतं. आवाजावरून मात्र मला तसं वाटेना.

पळसदरीची माणसं परत यायला लागली. पहाटेचा फोन रोजचा एक दिवसाआड झाला, मग रविवारचा. पोरं आजारी पडत होती, मनीषाची शिफ्ट बदलली होती, आणि काळजीचं कारण उरलं नव्हतं. भाऊ मात्र काम नसतानाही बाजाराच्या दिवशी बाकावर येऊन बसायचे. खरं बोललं की पुण्य लागतं म्हणतात. त्यांना तसं बसलेलं बघून मला मात्र नुसतं वाईट वाटायचं.

मी एकदा विचारलं, "भाऊ, मेथी घेता का अजून?"

"घेतो की."

"आता कशाला? कुणी बघत पण नाही."

भाऊ म्हणाले, "ती नको असं अजून बोलली नाय."

*

दुसऱ्यांचं सांगत बसले, माझंही थोडं सांगते. माझा स्वतःचा आकडा गेल्या वर्षी काठावर आला. लॅबवालीलाच कोलेस्ट्रॉल! बाकावर साखर वाटायची बाकी ठेवली मंडळींनी. प्रत्येकाने एक एक उपाय सांगितला. मी लसणाच्या कॅप्सूल घेतल्या. बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, वास येत नाही म्हणून.

माझं माहेर खालापूर तालुक्यातलं. आई चुलीतल्या निखाऱ्यावर लसणाचा गड्डा टाकायची. साल करपून काळी व्हायची आणि आतली पाकळी लोण्यासारखी मऊ. ती फुंकर घालून माझ्या हातावर ठेवायची. "खा, हुशार व्हशील!" शाळेत कुणी शेजारी बसायचं नाही इतका वास यायचा. मी आईवर चिडायचे.

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या दिवशी लॅबमध्ये कुणी नव्हतं. मी एक कॅप्सूल कात्रीने कापली आणि हुंगली. काहीच आलं नाही. दुसरी कापली. तेवढ्यात बबन आत आला. टेबलावर कापलेल्या कॅप्सूल आणि माझे डोळे भरलेले.

"ताई, काय झालं?"

"लसूण आहे. डोळ्यांत गेला."

बबनने बाटली उचलून वाचली, "ह्याला तर वास पण नाय!" आणि पुढे काही न विचारता गाडीवर जाऊन माझ्यासाठी पानात चटणी घेऊन आला.

*

आता शेवटचा. हा मी घरीसुद्धा फार कुणाला सांगितलेला नाही.

दिराच्या मुलाच्या लग्नाला म्हणून इंदूताई पुण्याहून आल्या. आठच दिवसांसाठी. परतीचं तिकीट मनीषानेच काढून दिलेलं. भाऊ त्या आठवड्यात बाकावर दिसले नाहीत, आणि आम्हाला सगळ्यांना बरं वाटलं.

परत जायच्या आदल्या दिवशी दोघं सकाळी सातला हजर. इंदूताईंना मी पहिल्यांदाच प्रत्यक्ष बघत होते. ठेंगण्या, काटक, कपाळावर ठसठशीत कुंकू. "मनीषा बोलली, गावाला गेलीस तर तुजं पन एकदा तपासून घे. समद्यांना मेथी पाजतेस म्हनली." बाकावरच्या सगळ्यांना त्या नावाने ओळखत होत्या. बबनला म्हणाल्या, "तूच का रं तो, काढ्यावर वडा खानारा?"

मी रक्त घेतलं. दुपारी रिपोर्ट तयार झाला. भाऊ बाहेर बाकावर थांबले, इंदूताई एकट्याच आत आल्या.

मला सांगायला जड जात होतं. "ताई, बसा. तुमचं वाढलेलं आहे. भाऊंचं होतं त्याच्यापेक्षा जास्त. घाबरू नका, पण डॉक्टरांना आजच दाखवा."

"नक्की माजंच ना?"

"तुमचंच."

इंदूताईंनी पदर सावरला. घाबरल्या वगैरे अजिबात नव्हत्या. मी विचारलं, "मनीषा तुम्हाला काही देत नाही का? ओट्स, कॅप्सूल?"

"देते की. म्हाग म्हाग बाटल्या आनते. आवळा काय, जवस काय."

"मग?"

"मी इसरते."

ज्या बाईने शंभरेक किलोमीटरवरून नवऱ्याची मेथी एक दिवस चुकू दिली नव्हती, ती विसरते! मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

मी त्यांना शेजारी डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी नीट तपासलं, गोळी लिहून दिली, रोज चालायला सांगितलं. म्हणाले, घाबरण्यासारखं नाही, पण गोळी विसरायची नाही, तीन महिन्यांनी परत रक्त तपासू.

"हितं?" इंदूताईंनी विचारलं.

"इथे करा, पुण्याला करा. कुठेही चालेल."

"तुमी हितंच बोला," इंदूताई म्हणाल्या.

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे.

"बरं," डॉक्टर म्हणाले, "इथे."

दवाखान्याच्या पायरीवरच इंदूताईंनी मनीषाला फोन लावला. त्यांनाही स्पीकर बंद करता येत नाही.

"मनू, माजं वाढलंय गं. लई वाढलंय. डॉक्टर बोलले तीन म्हयन्यांनी हितंच परत बगायचं. तवर चालायला सांगितलंय."

"आई, अगं पुण्यात काय लॅब नाहीत? इथे खाली पार्क आहे चालायला!"

"आसंल. पन माजं रगत हितल्या बाईला म्हाईत झालंय."

 मग मनीषा म्हणाली, "आई, तू ठीक आहेस ना?" आणि लगेच, वेगळ्याच आवाजात, "बाबा कुठे आहेत?"

"बसल्यात बाकावर."

"बरं," मनीषा म्हणाली. "मी बघते इकडचं. तिकीट रद्द करते. गोळ्या घे पण, आई."

इंदूताईंनी फोन पिशवीत टाकला, डोळे पुसले आणि बाकाकडे निघाल्या. भाऊ उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा भीतीने पांढरा पडला होता.

"काय गं? काय निगालं?"

"वाढलंय."

"वाढलंय? लई?"

"लई. गोळी दिलीया. रोज चालायला सांगितलंय, आन हितंच ऱ्हायाला. तीन म्हयनं."

भाऊ तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले,

"तीनच?"